काळ्या पाषाणाच्या जुन्या चर्चमध्ये दिवे लावताना

रविवारची उपासना सुरू होते. तिसऱ्या बाकावरच्या आजी गीतपुस्तक उघडतात, चष्मा सारखा करतात, पुस्तक हातभर लांब धरतात आणि तरीही अक्षर लागत नाही म्हणून हळूच खिडकीच्या बाजूला सरकतात. सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या दगडी चर्चचा जीर्णोद्धार होत आला होता. कौलं उतरवून पुन्हा चढवली होती, भिंतींतले सिमेंटचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून चुन्याचे भरले होते. शेवटी "आता दिवे तेवढे बघा" म्हणून मला बोलावलं, तेव्हा पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसून मी हे पाहिलं. त्या दिवशी कमानी, कैच्या (छताचे लाकडी तिकोनी सांगाडे), वेदी यांबद्दल मी वहीत काहीच लिहिलं नाही. "तिसरं बाक, अक्षर लागत नाही" एवढंच लिहिलं.

जुन्या चर्चच्या प्रकाशयोजनेचं काम मी तिथूनच सुरू करते. इमारत सुंदर दिसायलाच हवी, पण ती गेली शे-दीडशे वर्षं वापरात आहे म्हणून टिकली आहे. वापरणाऱ्या माणसाला पुस्तक वाचता आलं नाही तर उरलेली सगळी रोषणाई फोटोपुरती राहते. हा लेख चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतल्या मंडळींसाठी, जीर्णोद्धार करणाऱ्या वास्तुविशारदांसाठी आणि काम हाती घेणाऱ्या वायरमनसाठी लिहिला आहे. कामं ज्या क्रमानं करावीत त्याच क्रमानं मांडली आहेत.

आधी दगड ओळखा

चर्चच्या प्रकाशयोजनेवरचं बहुतेक मार्गदर्शन युरोपातल्या इमारतींवर बेतलेलं असतं. तिथला दगड पुष्कळदा फिकट, चुनखडीचा. पॅरिसचं नोत्र-दाम कॅथेड्रल आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, तेव्हा धुऊन काढलेला तो जवळजवळ लोण्याच्या रंगाचा दगड सगळ्यांनी पाहिला. तसल्या भिंतीवर प्रकाश टाकला की ती अर्ध्याहून जास्त प्रकाश खोलीला परत देते. आपल्या साताऱ्याचा काळा पाषाण तसं करत नाही. त्याच्यावर शंभर भाग प्रकाश टाकला तर दहाच्या आसपास परत येतो, बाकीचा दगडातच जिरतो.

ही गोष्ट अंदाजानं सोडू नका, मोजा. बऱ्यापैकी लक्समीटर घ्या (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश तो लक्समध्ये मोजतो), मोबाइलमधल्या ॲपवर विसंबू नका. मीटरची पाठ भिंतीला टेकवून तोंड खोलीकडे करा आणि भिंतीवर पडणारा प्रकाश लिहून घ्या. मग मीटर उलटा धरून, भिंतीकडे तोंड करून, दीड वीत मागे घ्या. आपली सावली भिंतीवर पडू देऊ नका. हा परतणारा प्रकाश. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. काळ्या पाषाणाला साधारण ८ ते १२ टक्के मिळतात, ताज्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीला ७५ च्या पुढेमागे, जुन्या सागवानाला १५ ते २०. प्रत्येक पृष्ठभागाचा आकडा नकाशावर त्याच्या जागी लिहा. पुढचे निम्मे निर्णय या कागदावरून होतात.

दगडावर दिवे मारून सभागृह उजळणार नाही, हे त्यातून लगेच दिसतं. प्रकाश परत देणाऱ्या जागा शोधायच्या: खिडक्यांच्या आतल्या बाजूचा गिलावा, वेदीमागची पांढरी भिंत, छताखालच्या रंगवलेल्या फळ्या. खोलीचं उजळणं त्यांच्या भरवशावर ठेवायचं. दगडावर थोडासा तिरपा प्रकाश ठेवायचा, तोही छन्नीचे घाव दिसावेत एवढ्यासाठी.

महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभा भेटतो. तो प्रकाश थोडा जास्त परत देतो आणि त्याचा तांबडेपणा दिव्याच्या दर्जावर अवलंबून असतो. स्वस्त एलईडीखाली जांभा मातकट, आजारी दिसतो. दिवा घेताना रंगदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर मागा आणि लाल रंगासाठीचा आर-९ वेगळा विचारा. तो ५० च्या वर असावा. दुकानदाराला आर-९ सांगता आला नाही तर दुसरा दुकानदार बघा.

सांगली-मिरजेच्या बाजूला विटा आणि चुन्याच्या भिंती असतील तर उजेडाची अडचण कमी, पण कृष्णेच्या पुराची भीती मोठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी जिथवर आलं होतं ती खूण भिंतीवर शोधा. मेन बोर्ड, ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा डबा) आणि एकूण एक जोड त्या खुणेच्या वर घ्या. खाली प्लग लागलेच तर त्यांचं सर्किट वेगळं ठेवा, म्हणजे ते एकटं बंद करता येतं.

एक अख्खा दिवस, एक अख्खी रात्र

सकाळी सात, साडेदहा, दुपारी तीन आणि दिवेलागणीला, असे चार वेळा त्याच बाकावर बसा. ऊन कुठून येतं, पुलपिटावर, म्हणजे प्रवचनाच्या उंच जागी, उभ्या पाळकसाहेबांच्या डोळ्यांत तिरीप कधी जाते, कुठली खिडकी झाडानं झाकली आहे, हे लिहा. पावसाळ्यातला एक दिवस मिळाला तर तो सोडू नका. साताऱ्याला जुलैच्या ढगाळ सकाळी दहा वाजता दगडी चर्चमध्ये संध्याकाळच असते, आणि दिवे खरे लागतात ते तेव्हा.

रात्री सगळे दिवे बंद करून एकच चांगली बॅटरी घेऊन फिरा. भिंतीला चिकटवून वर मारा, लांबून मारा, कैचीवर मारा. कुठल्या जागेला तेवढ्यानं जीव येतो ते दिसतं.

मग कमिटीबरोबर बसून वर्षाचं कॅलेंडर काढा. रविवारची उपासना, नाताळची मध्यरात्र, मेणबत्त्यांची उपासना, ईस्टरची पहाट, मे महिन्यातली लग्नं, अंत्यविधी. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) बारा ते तीनची उपासना भर उन्हात असते. तिला दिवे फारसे लागत नाहीत, आणि शेवटी शेवटी मंडळींना अंधारच हवा असतो. प्रत्येक प्रसंगी माणसं कुठे बसतात, कुठे उभी राहतात, कुणाकडे बघतात, हे विचारा.

साताऱ्यात एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये इथेच 'देवाचा दरबार' मांडला होता. भजन-कीर्तनाच्या वाटेनं ख्रिस्ताकडे जाण्याची ती ओढ इथल्या मंडळींत खोलवर उतरली आहे. बाकं सरकवून जाजम पसरतात, टाळ-मृदंग घेऊन गोल करून बसतात. तेव्हा सगळ्यांची नजर वेदीवरून दालनाच्या मधोमध आलेली असते. फक्त वेदीकडे तोंड केलेली प्रकाशयोजना त्या संध्याकाळी नापास होते. भजनासाठी मधल्या दोन कैच्यांवरचे दिवे स्वतंत्र चालू करता आले पाहिजेत.

परवानग्या

इमारत कुणाच्या मालकीची आहे, कुठल्या वारसा यादीत आहे, राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली येते का, हे आधी लेखी तपासा. जवळपास केंद्रीय संरक्षित स्मारक असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. तिथे पायाभरणी करून खांब उभारण्याआधी विचारावंच लागतं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, त्यामुळे बाहेरच्या कामाची चौकशी तिथे आणखी आधी करा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवा.

जुनी वायर आधी बाहेर काढा

१५ एप्रिल २०१९ ला नोत्र-दामचं छत जळालं. नेमकं कारण निश्चित झालं नाही, पण विजेतल्या बिघाडाची शक्यता तपासात पहिल्यापासून होती. आपल्या चर्चच्या छतातही कोरडं झालेलं सागवान, पाकोळ्यांची घरटी आणि त्यातून गेलेली कापडी वेष्टणाची वायर, हे सगळं एकत्र असतं. जुन्या लाकडी पट्टीतल्या वायरचं रबर हातात घेतलं तर भाजलेल्या पापडासारखं मोडतं. तिला नवीन जोड देऊ नका. सगळी काढा. पट्ट्या मात्र चांगल्या असतील तर जागेवर राहू द्या, त्याही इमारतीचा इतिहास आहेत.

नवीन बोर्डावर प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरची गळती-सुरक्षा (वीज गळू लागताच सर्किट तोडणारा स्विच) द्या. अर्थिंग मोजून घ्या. उन्हाळ्यात खडकाळ जमिनीत ओल राहत नाही, म्हणून चाचणी मे महिन्यात करा, ऑगस्टमध्ये आकडा फसवा चांगला येतो. आणि वळवाच्या विजांसाठी मेन बोर्डावर सर्ज-रोधक लावाच. एलईडीचा ड्रायव्हर झिजून मरण्याआधी बऱ्याचदा वळवाच्या एका कडकडाटात जातो.

वाचण्याचा प्रकाश

आता तिसऱ्या बाकाकडे येऊ. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक-तृतीयांश प्रकाशच पोचतो. तरण्या वायरमनला "भरपूर आहे" वाटतं तेव्हा आजींना काहीच दिसत नसतं, त्याचं कारण हे. गीतपुस्तकाच्या पानावर १५० लक्स हवेत, मंडळींत वयस्कर जास्त असतील तर २००. येण्याजाण्याच्या वाटेवर ५० पुरतात.

दिवे बसवायची उत्तम जागा म्हणजे कैचीची आडवी तुळई. समजा ती जमिनीपासून साडेसहा मीटरवर आहे आणि पुस्तक एक मीटरवर धरलं जातं. अंतर साडेपाच मीटर. सरळ खाली टाकलेल्या दिव्याचा हिशोब सोपा आहे: लागणारे लक्स गुणिले अंतराचा वर्ग, म्हणजे लागणारी तीव्रता, कँडेलामध्ये. धूळ बसते, दिवा म्हातारा होतो, म्हणून १५० साठी २०० धरून चाला. २०० गुणिले ३०.२५, म्हणजे सुमारे ६,०५०. साधारण २० वॅटचा, २,००० ल्युमेनचा (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश), ३६ अंशांच्या झोताचा दिवा मधोमध साडेचार-पाच हजार देतो, आणि शेजारचा झोत त्यावर चढला की गरज भागते. त्या उंचीवरून ३६ अंशांचा झोत साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाडतो, तेव्हा दोन दिव्यांत अडीच मीटरच्या आसपास अंतर ठेवा. दिवा तिरपा केला तर अंतर वाढतं आणि प्रकाश पुस्तकावर कलून पडतो, म्हणून मिळणारे लक्स कमी होतात. दिवा निवडताना वॅट बघून निवडू नका. कंपनीच्या तक्त्यात कँडेला आणि झोताचा कोन दिलेला असतो, तो मागून घ्या.

दिवा तुळईच्या कुठल्या बाजूला लावायचा, यात सगळी मेख आहे. तो वेदीकडच्या बाजूला लावा. मंडळी वेदीकडे तोंड करून बसतात, तेव्हा मागून पाहणाऱ्याला दिवा तुळईआड जातो आणि प्रकाश खांद्यावरून पुस्तकावर येतो. एकाच बाजूनं आला तर वाचणाऱ्याच्या डोक्याची सावली पानावर पडते, म्हणून प्रत्येक तुळईवर डावा-उजवा असे दोन दिवे ठेवून झोत एकमेकांवरून जाऊ द्या. उभ्या रेषेपासून तीस अंशांपेक्षा जास्त तिरपा करू नका, नाहीतर समोर उभ्या पाळकांच्या डोळ्यांवर येतो. दिव्याच्या तोंडाशी मधमाशीच्या पोळ्यासारखी काळी जाळी मिळते, ती लावा. थोडा प्रकाश खाते, पण तिच्यामुळे उपासनेभर कुणाचे डोळे दिपत नाहीत.

प्रकाशाचा रंग ३००० केल्विन; हा आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर, जास्त तितका निळसर. छत आणि भिंतींच्या दिव्यांना २७०० घेतलं तरी चालतं, पण एका कामासाठी एकच रंग आणि शक्यतो एकाच खेपेतले दिवे. ४००० च्या वरचा पांढरा प्रकाश काळ्या पाषाणावर पडला की दगड ओल्या पाटीसारखा निळसर, थंड दिसतो.

वेदी आणि पुलपिट

वेदी सगळ्यात उजळ असावी, पण सभागृहाच्या दुप्पट-तिप्पट, दसपट नव्हे. ३०० ते ४०० लक्स पुष्कळ झाले. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रकाश दोन बाजूंनी, तीस ते पंचेचाळीस अंशांतून यावा, एका बाजूनं जरा जास्त. दोन्हीकडून सारखा आला तर चेहरा सपाट होतो, आणि नुसता डोक्यावरून आला तर डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. ऐकू कमी येणारी माणसं ओठ बघून समजून घेत असतात, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. शनिवारीच माप घ्या: मीटर पाळकांच्या चेहऱ्याच्या जागी मंडळींकडे तोंड करून उभा धरा.

जुनं भरतकाम केलेलं वेदीवस्त्र असेल तर त्याच्यावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश सतत ठेवू नका. उपासनेपुरतं उजळलं तर हरकत नाही. आठवडाभर चालू राहणारा दिवा त्याचा रंग उडवतो.

छत, भिंती, रंगीत काचा

सागवानी कैच्यांवर खालून हलका प्रकाश टाकला की अख्खी इमारत उंच वाटते, आणि फळ्या रंगवलेल्या असतील तर तोच प्रकाश मऊ होऊन खाली येतो. त्यासाठी भिंतीच्या माथ्यावरच्या सपाट कडेवर, खालून न दिसेल अशी, अरुंद दिव्यांची रांग ठेवा. ही रांग कौलांच्या जवळ असते. मे महिन्यात तिथे पन्नास अंशांपर्यंत तापतं, आणि ड्रायव्हरच्या आतला कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्म्या आयुष्यावर येतो. म्हणून दिवे वर ठेवा, ड्रायव्हर खाली, पाळकांची वस्त्रं ठेवायच्या खोलीत, उभ्यानं हात पोचेल असे.

दगडी भिंत घासून जाणारा प्रकाश हवा असेल तर दिवा भिंतीपासून पाऊणएक वीत ठेवा, छन्नीचा प्रत्येक घाव उठून येतो. पण त्याच प्रकाशात गिलाव्याचा प्रत्येक उंचवटाही उठतो, म्हणून गिलाव्याच्या भिंतीला दिवा लांब, भिंतीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाइतका दूर ठेवा. आणि दोन कमानींमधल्या काही जागा काळ्याच राहू द्या. काळ्या पाषाणाला थोडा अंधार शोभतो.

रंगीत काचेच्या चौकटीला, शिशाच्या पट्ट्यांना काहीही अडकवू नका. दिवसा ती आतून खुलते, रात्री आतल्या प्रकाशानं बाहेरून. नाताळच्या रात्री अंगणात उभं राहून बघा, तिला आणखी काही लागत नाही.

भोक न पाडता वायर नेणं

माझ्या आधी एका ठेकेदारानं याच चर्चच्या दर्शनी भिंतीवर मोठे फ्लडलाइट बसवले होते. त्यासाठी त्यानं थेट दगडात भोकं पाडून लोखंडी बोल्ट ठोकले. लोखंड गंजलं की फुगतं. आठ-दहा पावसाळ्यांनंतर कमानीच्या माथ्यावरच्या किल्लीच्या दगडाशेजारचा कोपरा, तळहाताएवढा, सुटून खाली पडला होता. सेवक काकांनी तो तुकडा फेकला नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा बोल्टची तांबडी खूण त्यावर अजून ओली असल्यासारखी दिसत होती. तो तुकडा नंतर त्याच्या जागी परत बसवता आला, पण जोडाची रेषा राहिली.

तेव्हापासून माझे नियम ठरलेले आहेत. दगडात भोक नाही. अडकवायचंच असेल तर दोन दगडांमधल्या दर्ज्यात, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूनं, आणि भरायचं चुन्यानं. सिमेंटनं कधीच नाही. लाकडाला भोक पाडण्याऐवजी तुळईला वेढणारा पट्टा वापरा, आत रबराची किंवा नमद्याची पट्टी घालून. तुळईच्या खालच्या कडेला तर हातही लावू नका, ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. गिलाव्यात झिरी मारायची वेळ आली तर आधी त्याखाली जुनं रंगकाम किंवा अक्षरं नाहीत ना, हे नखाएवढ्या जागेत खरवडून बघा.

वायर दिसू न देण्याचे मार्ग बरेच आहेत. तुळईच्या वरच्या अंगानं न्या, भिंतीच्या माथ्यावरून न्या, खाली उतरताना खांबाच्या कोपऱ्यात न्या. पैसे असतील तर छतासाठी तांब्याच्या नळीतली खनिज-रोधक केबल घ्या. ती पेन्सिलीएवढी जाड असते, आगीत जळत नाही, उंदीर कुरतडत नाही, आणि तांबं दोन वर्षांत तपकिरी होऊन लाकडात मिसळून जातं. मात्र तिची टोकं बंद करायला सराव असलेला हात लागतो. टोक नीट बंद झालं नाही तर आतली पूड हवेतली ओल शोषते आणि पावसाळ्यात सगळं सर्किट ट्रिप होऊ लागतं. तसा माणूस मिळत नसेल तर कमी धूर करणारी, हॅलोजनमुक्त केबल घ्या. जे काही बसवाल ते वीस वर्षांनी कुणालातरी काढावं लागेल, आणि त्यानं काढल्यावर भिंतीवर व्रण राहू नये.

नमुना रात्र

खरेदीच्या आधी दोन कैच्यांपुरते दिवे उसने किंवा भाड्यानं आणा, तात्पुरते बांधा आणि कमिटीला नव्हे, मंडळींना बोलवा. खर्चाच्या यादीत ही रात्र नसेल तर दुसरं काहीतरी कमी करून घाला.

आम्ही एका शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर बसवलं. आजी आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. मी विचारलं, "आजी, अक्षर दिसतंय का?" त्यांनी एक ओवी सावकाश वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "दिसतंय गं बाई, पण वर बघितलं की डोळ्यावर येतंय." मला वाटत होतं की बसलेला माणूस खालीच बघतो. गाताना माणूस मान वर करतो, हे मी हिशोबात धरलंच नव्हतं. जाळी लावलेली होती, पण त्यांच्या बाकावरून पुढच्या कैचीवरचा दिवा तुळईच्या बाहेर चार बोटं डोकावत होता. तो तेवढा आत सरकवला, कोन पाच अंशांनी उभा केला. आजींनी पुन्हा मान वर केली, या वेळी काही बोलल्या नाहीत, आणि दुसरं गीत काढलं. शेजारच्या दोघींनी सूर धरला. मी मीटर पुस्तकाजवळ नेला: १७०.

त्याच रात्री मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्यांकडे बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर ड्रायव्हर लुकलुकतो आहे. काहींचं त्यानं डोकं दुखतं, आणि उपासनेचं थेट प्रक्षेपणही बिघडतं. दिवे पाच टक्क्यांपर्यंत मंद करून तिथेही बघा. मेणबत्त्यांच्या उपासनेला एक टक्क्यापर्यंत सुरळीत उतरणारा ड्रायव्हर लागतो.

बटणं

मंद करण्याची व्यवस्था डालीवर (प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत) करायची असेल तर एका लाइनवर ६४ पत्ते मिळतात. आपल्याकडच्या चर्चला एवढे पुरून उरतात. पण वापरणाऱ्याला त्यातलं काही दिसता कामा नये. दाराशेजारी पाच बटणं, वर मराठीत ठळक अक्षरांत: उपासना, भजन, मेणबत्ती, बंद, झाडलोट. सेवक काकांना अंधारात चाचपडत आल्यावर त्यांचं बटण लगेच सापडलं पाहिजे, म्हणून "झाडलोट" सगळ्यात खाली आणि त्यावर बोटाला लागेल असा उंचवटा. टचस्क्रीन लावू नका. तिचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो आणि तो नाताळच्या आठवड्यात पुण्याला गेलेला असतो.

दारं, पायऱ्या आणि वाट यांच्यासाठी बॅटरीवरचे दिवे वेगळे. वीज गेल्यावर वाटेवर किमान १ लक्स तरी राहावा. बॅटरी दर सहा महिन्यांनी मेन स्विच बंद करून खरंच तपासा.

बाहेर

बाहेर कमीत कमी करा. दर्शनी कमान, दार आणि अंगणातली वाट एवढं पुरे. काळा पाषाण पावसात भिजला की आणखी काळा होतो, तेव्हा त्याला उजळायच्या नादात वॅट वाढवत जाऊ नका. जमिनीत गाडलेले दिवे आपल्या पावसात नकोतच. गाळ, गवत, पानं, मग आत पाणी. भिंतीलगत छोट्या दगडी चबुतऱ्यावर आयपी ६६ प्रतीचे (धूळ-पाणी आत न जाणारे) दिवे ठेवा, झोत भिंतीवरच संपेल असा, आभाळात सुटणार नाही असा.

घंटेच्या मनोऱ्याच्या झरोक्यांत दिवा टाकण्याआधी आत कुणी राहतं का बघा. अशा मनोऱ्यांत गव्हाणी घुबडं घर करतात. खाली जमिनीवर केसांच्या, हाडांच्या गोळ्या पडलेल्या दिसल्या तर तो मनोरा अंधारातच ठेवा. पहिल्या पावसानंतर पंखवाळवी दिव्यांवर तुटून पडते आणि सकाळी पायऱ्यांवर पंखांचा थर असतो; पिवळसर दिव्याकडे ती कमी येते. रात्री दहाला सगळं बाहेरचं टायमरवर बंद.

निशाणी आणि फाइल

दिवे बसले की एका रात्री अंधारात शिडी आणि दोन माणसं घेऊन प्रत्येक दिव्याचा नेम धरा. नेम लागल्यावर स्क्रू आवळा, आणि दिव्याच्या गळ्यावर व पट्ट्यावर मिळून एक रेघ मारून ठेवा. पुढे दिवा साफ करताना हलला तर रेघेवरून परत बसतो. प्रत्येक दिव्याचा क्रमांक, झोताचा कोन, केल्विन, ड्रायव्हरचं मॉडेल आणि बाकांवरची लक्सची मापं एका कागदावर मराठीत लिहा. त्याची एक प्रत बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवा, दुसरी कमिटीच्या कपाटात ठेवा. प्रत्येक प्रकारचे दोन दिवे आणि दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन त्याच कपाटात ठेवा, कारण पाच वर्षांनी तोच रंग बाजारात मिळेलच असं नाही.

काचा दर वर्षी पावसाळा संपल्यावर, नाताळच्या तयारीआधी पुसा. कोरड्या सुती फडक्यानं, दिवे थंड असताना. मग तिसऱ्या बाकावर बसून पान उघडा आणि मीटर लावा. १५० च्या खाली गेला असेल तर आधी त्या दोन दिव्यांच्या रेघा जुळतात का ते पाहा.